हणमंतभाऊजींची बॉर्डर

आमच्या गल्लीत पहाटे कोंबड्यानं आरवायचं म्हटलं तरी हणमंतभाऊजींची परवानगी लागते. थट्टा नाही. रहिमतपुरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी हा सहा फुटी गडी अंगात स्वेटर, कानाला मफलर आणि ओठांवर बोट अशा अवतारात रोज उभा असतो. दूधवाल्यानं किटल्या वाजवायच्या नाहीत, इक्बालभाई पाववाल्यानं भोंगा दाबायचा नाही आणि मी कुकर लावायचा नाही. एकदा चुकून लावला, तर पहिल्या शिट्टीला भाऊजी खिडकीत हजर.

"वैनी, गॅस बंद करा. रीडिंग चालू हाय."

रीडिंग कसलं, तर बायकोच्या अंगातल्या तापाचं. घरात वैशाली अंथरुणावर पडल्या पडल्या जिभेखाली थर्मामीटर धरून असायची आणि बाहेर नवरा पहारा द्यायचा. गल्लीला एवढंच ठाऊक की बाईचा ताप रोज मोजतात. इक्बालभाई तर हळहळायचे. "भाबीचा बुखार उतरंनाच का? एकदा मिरजेला न्या की," असं म्हणून आजाऱ्यासाठी रोज दोन पाव जास्त ठेवायचे. ते पाव भाऊजी चहात बुडवून खायचे आणि ताप काही उतरवायचे नाहीत.

खरा प्रकार मला वैशालीनंच सांगितला. भाऊजी सतरा वर्षं फौजेत होते. "तवर आमचं कुटुंबनियोजन सरकारच करत हुतं ताई," ती म्हणाली. "ह्यास्नी लांब ठेवून." पेन्शन घेऊन नवरा कायमचा घरी आला आणि सरकारचा आधार तुटला. तिनं गोळ्या सुरू केल्या, तर डोकं धरायचं, मळमळायचं, वर बीपी चढलं. एके दिवशी तिनं पाकीट केराच्या टोपलीत टाकलं आणि नवऱ्याला बजावलं, "ही गोळी मी घ्यायची न्हाई. आन बीएड पुरं झाल्याबगार दुसरं लेकरूबी न्हाई. आता तुमी बघा."

बारावीनंतर लग्न झालेली पोर. नवरा सरहद्दीवर असताना मुलीला मांडीवर घेऊन तिनं बीए केलं होतं आणि आता रोज एसटीनं साताऱ्याला बीएडला जात होती. तिचं म्हणणं रास्तच होतं.

"मग दुकानातून काही आणायचं," मी म्हटलं.

"मेडिकलवाला ह्यांचा चुलतमामा हाय. मागायच्या आधीच गावभर व्हईल. आन साताऱ्यात मागायची ह्यास्नी लाज."

शेवटी साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी ही रीत समजावली. सकाळी उठायच्या आधी, बोलायच्या आधी, अंथरुणातच अंगातली उष्णता मोजायची. बाईचं बीज सुटलं की ती किंचित चढते आणि चढलेलीच राहते. तीन दिवस टिकली की पुढे बिनघोर. त्याच्या आधीचे दिवस जोखमीचे. अंगावरून जाण्याच्याही काही खुणा असतात, त्या वैशालीनं मला इतक्या तपशिलात सांगितल्या की माझा चहा गार झाला. चूक होऊ शकते, शिस्त पाळावी लागेल, असंही बाईंनी बजावलं होतं. शिस्त हा शब्द मात्र त्यांनी फौजी माणसापुढे उच्चारायला नको होता.

भाऊजींनी मोहीमच हाती घेतली. पॉइंटपुढे दोन आकडे दाखवणारा थर्मामीटर मागवला. झोप मोडली की रीडिंग चुकतं, असं कळल्यावर गल्लीवर संचारबंदी लावली. वैशाली उठेपर्यंत झाडलोट, पाणी, मुलीची वेणी, सगळं हेच करायला लागले. वेणी अशी घट्ट घालायचे की पोरीच्या भुवया दुपारपर्यंत खाली यायच्या नाहीत. जोखमीचे दिवस लागले की "बॉर्डर बंद" असं जाहीर करून वळकटी घेऊन गच्चीवर झोपायला जायचे. आमच्या ह्यांना वाटायचं, नवराबायकोचं दर महिन्याला नियमानं भांडण होतं. मी त्यांना खरं सांगितलं, तर ते दोन दिवस भाऊजींच्या नजरेला नजर देईनात. पुरुषांचा नाजूकपणा!

गच्चीवरून वळकटी खाली आली की समजायचं, बॉर्डर खुली. त्या दिवशी भाऊजी जिना उतरतानाही शीळ घालायचे.

असं सुरळीत चाललं होतं आणि थंडीत घोटाळा झाला. वैशालीला शाळेत पाठ घ्यायचे होते, रात्रंदिवस तक्ते रंगवून ती दमली होती. अशातच सकाळी पारा टुणकन वर. दुसऱ्या दिवशी वर, तिसऱ्या दिवशी आणखी वर. भाऊजी वळकटी खांद्यावर टाकून खाली आले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! दोन दिवसांनी वैशाली शिंकायला लागली, अंग ठणकायला लागलं, तेव्हा उजेड पडला की तो साधा सर्दीचा ताप होता. इतके महिने गल्ली ज्याची चौकशी करत होती, तो ताप खरोखरच आला आणि नेमका त्यालाच ह्या माणसानं ओळखलं नाही.

पुढे पाळीची तारीख आली आणि गेली.

वैशाली माझ्या स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसली. "ताई, परीक्षा तोंडावर हाय. आता राहिलं तर माझं बीएड गेलंच म्हणा. परत कोण शिकवतंय मला?" मला भाऊजींचा असा संताप आला की समोर असते तर लाटणंच घातलं असतं.

"ते काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणत्यात, चूक माझी हाय, तू सांगशील तसं करू. दवाखान्यात जायचं म्हणालीस तर गाडी काढतो, ठेवायचं म्हणालीस तर ठिवू. आन गप बसत्यात."

ते गप बसणं मलाही दिसत होतं. आठवडाभर भाऊजींनी कुणाला हटकलं नाही. इक्बालभाईंनी दारात येऊन भोंगा वाजवला, तरी हे पायरीवर बसून राहिले.

मग एका सकाळी वैशाली धावतच आमच्या दारात आली. रडत होती आणि हसतही होती. "आली ताई! आली पाळी!" मी तिला मिठीच मारली. साखरेचा डबा पुढे केला, तिनं चिमूटभर तोंडात टाकली आणि एसटी चुकेल म्हणून पळाली.

आता भाऊजींना चार शब्द सुनवावेत म्हणून मी त्यांच्या परसात गेले. ते धुण्याच्या दगडापाशी उकिडवे बसले होते. बादलीत बायकोच्या साड्या भिजत होत्या आणि नळ नुसताच वाहत होता.

"सुटलात एकदाचे," मी नळ बंद करत म्हटलं.

"व्हय वैनी. लय बरं झालं. तिचं वरीस वाचलं." असं म्हणून त्यांनी हाताच्या उलट्या बाजूनं डोळे पुसले. मी सुनवायला आले होते, ते विसरूनच गेले.

"काय झालं, भाऊजी?"

त्यांनी बादलीतली एक साडी उचलून पिळायला घेतली. "आमची पोरगी मला पयल्यांदा दिसली ती धा महिन्यांची. मला बघून तिनं भोकाड पसारलं, आईच्या पदरात शिरली. ह्या आठ दिसांत मला वाटाय लागलं हुतं... ह्या टायमाला मी घरी हाय. समदं बघाय मिळंल."

"हे वैशालीला बोललात का?"

"न्हाई. तुमीबी बोलू नगा. माझ्याकडं बघून ती व्हय म्हणंल आन शाळा सोडंल. तिला नगं हाय तवर नगं."

मला भरून आलं. या माणसाला मी इतके महिने हसले होते, पोट धरधरून हसले होते. तिथंच पायरीवर टेकले.

"वैनी, तुमची दोन झाली," साडी तशीच हातात धरून ते म्हणाले. "नाळ पडती तवा दुखतं का ओ त्याला?"

"नाही. आपोआप सुकते आणि दुपट्यात सापडते."

"आन आंगुळीला रडतं?"

"पाणी पडलं की रडतं. शेकशेगडी झाली की असं गाढ झोपतं, की आपणच नाकाशी बोट धरून बघतो."

ते मान हलवत ऐकत होते. मी मुठी कशा मिटलेल्या असतात ते सांगितलं, टाळू कशी उडते ते सांगितलं, जावळाचा वास सांगितला. मला थांबवेना.

"आन वैनी," भाऊजींनी हळूच विचारलं, "बापाला वळखून हसतं कवा?"