पहिल्याच वळणावर अडकलेलं औषध

कर्जत तालुक्यातल्या भिमाजीला त्याच्या गिरणीतल्या पिठाच्या धुळीनं धाप दिली, पण आवाज त्याचा स्वतःचा होता. गावच्या जत्रेत बावीस वर्षं कुस्त्या तोच पुकारायचा. भोंगा बंद पडला तरी शेवटच्या रांगेला पैलवानाचं नाव कळायचं.

धापेवर डॉक्टर मनवाताईंनी श्वासातून औषध ओढायचा पंप दिला. कसा ओढायचा ते सांगू लागल्या, तर भिमाजी म्हणाला, "ताई, आता श्वास घ्यायला शिकवता व्हय?" आणि पंप खिशात टाकून निघाला.

घरी त्यानं पंप दाबून असा श्वास ओढला, की समोरच्या दोरीवरचं धोतर हललं.

"अवो, जरा दमानं," बायको रतनबाई म्हणाली.

"औषध पार आत जायला नको? जोर लावायलाच लागतो."

धाप हटेना. मग दिवसाला पंपाचे दोनाचे चार झुरके झाले, चाराचे आठ. आठवड्यानं धाप होती तिथंच होती, आवाज मात्र पार बसला. आणि जत्रा उद्यावर!

रतनबाई त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पंप ओढून दाखवायला सांगितलं. त्यानं दाखवला. टेबलावरचे कागद उडाले.

"काका, घशात मागं एकदम वळण आहे. भरधाव टेम्पो वळणावर वळत नाही, भिंतीला धडकतो. तुमचं सगळं औषध घशालाच थापलं गेलंय. हळू ओढा, मग ते वळून खाली बारीक नळ्यांत पोचेल. दिवसाला दोनदाच घ्या, नंतर चूळ भरा. आणि आठ दिवस बोलू नका."

भिमाजी काहीतरी म्हणाला. नुसती हवा आली.

"उद्या कुस्त्या हायेत म्हनत्यात," रतनबाईनं सांगितलं.

शेवटी असं ठरलं, की भिमाजीनं तिच्या कानात कुजबुजायचं आणि तिनं माईकवर सांगायचं. दोन कुस्त्या नीट गेल्या. तिसऱ्या जोडीच्या वेळी तो कुजबुजला, "दोन्ही पैलवान तुल्यबळ आहेत." रतनबाईनं आखाड्याकडं बघितलं आणि माईकवर म्हणाली, "आरं, कवाचा नुसता गोल फिरतोयस, धर की त्याला!"

मैदान हसून लोळलं. पैलवानानं खरंच धरलं. त्यानंतर भिमाजी कानाशी गेला, की ती हातानंच त्याला बाजूला सारायची. तो खुर्चीत जाऊन बसला. राग आला होता, पण पाचव्या कुस्तीला त्यालाही हसू आवरेना.

हळू ओढलेल्या औषधानं धाप कमी झाली. नवव्या दिवशी आवाजही परतला, आणि नेमका त्याच दिवशी शेजारच्या गावच्या जत्रा कमिटीचा भागवत दारात आला.

"या भागवतराव!" भिमाजी गरजला. पत्रे थरथरले.

"आवाज आला म्हनायचा. लई बरं झालं," भागवत म्हणाला. "आता जरा आत हाक मारा. आमच्या कुस्त्या पुकारायची सुपारी वैनींना द्यायची हाय."