दोन दिवस आधीचं अभिनंदन

बुधवारी सकाळी बसमधून उतरता उतरता प्योन साहेबांनी सांगोकच्या मुख्य चौकात स्वतःच्याच कॉलेजचं अभिनंदन वाचलं आणि त्यांचा एक पाय पायरीवरच राहिला. पिवळ्याधमक कापडावर हातभर उंचीची लाल अक्षरं होती: 'हार्दिक अभिनंदन! शासनाच्या परदेश-शिक्षण अनुदानासाठी आपल्या सांगोक कॉलेजची निवड! दंततंत्र विभागाची बोंग इसुल निघाली जर्मनीला!'

मजकूर त्यांनीच लिहून दिला होता. छपाईही सुरेख झाली होती. फक्त निकाल शुक्रवारी दुपारी दोन वाजता लागायचा होता.

"साहेब, उतरताय की पुढे येताय?" ड्रायव्हरने विचारलं. "आणि अभिनंदन बरं का! पोरीने नाव काढलं."

निकालाआधी बॅनर छापून ठेवायचा हुकूम प्राचार्या कू मॅडमचा. दोन वर्षांपूर्वी सांगोक आणि पलीकडचं ह्वाआम, दोन्ही कॉलेजांना स्वच्छ खानावळीचं बक्षीस एकाच वेळी मिळालं होतं. ह्वाआमचं बॅनर दहाव्या मिनिटाला फडकलं, सांगोकचं तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून गावाची ठाम समजूत होती, की ह्वाआमला बक्षीस मिळालं आणि आपल्याला उरलंसुरलं. हे पुन्हा होता कामा नये, असं मॅडमनी टेबलावर बोट आपटून सांगितलं होतं.

प्योन साहेबांनी चौकातूनच बॅनरवाल्या थाकला फोन लावला. दोघे पहिलीपासून एका बाकावर बसलेले.

"अरे थाक, बॅनर तू लावलंस?"

"आभार मानू नकोस रे, दोस्त. चौक वाटेतच होता."

"अरे पण निकाल परवा आहे!"

"म्हणून तर आज लावलं. परवा मी बुसानला भाचीच्या लग्नात असणार. तुझं काम अडायला नको."

"मागे फीर आणि उतरव ते."

"गाडीत बायको आहे, सासू आहे आणि सासूच्या दोन बहिणी आहेत. मागे फिरलो तर मला रस्त्यात उतरवून चौघी पुढे जातील. तू कशाला घाबरतोस? निवड होणारच आहे!"

प्योन साहेबांना एवढी खात्री नव्हती. नऊ वर्षं ते कॉलेजचा परदेश विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे एक टेबल, एक सोफा, एक पृथ्वीगोल आणि स्वतः ते. या नऊ वर्षांत विभागातून एकही विद्यार्थी परदेशी गेला नव्हता, कारण कॉलेजाला तेवढी ऐपत नव्हती. दोन वर्षांपूर्वी इसुल प्रवेश घ्यायला आली तेव्हा तिने विचारलं होतं, "सर, इथून कुणी बाहेर जातं का हो?" त्यांनी उत्तर दिलं, "विभाग आहे." ते उत्तर त्यांना अजून टोचत होतं. इसुलने मात्र विभाग आहे म्हणजे जाता येतं, असं धरून फोनवर जर्मन शिकायला घेतलं. रोज बसथांब्यावर ती त्यांच्याशी जर्मनमध्ये बोले आणि ते काही न कळता जर्मन होकाराचं "या, या" करत. म्हणूनच या खेपेला त्यांनी एकशे चाळीस पानांचा प्रस्ताव लिहिला होता. निवृत्त होण्याआधी एका तरी पोराला विमानात बसवायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि आता हे बॅनर. गुरुवारी सकाळी दहाला मंत्रालयाचे तपासनीस कॉलेज बघायला येणार होते. निकालाआधी निकाल जाहीर करणाऱ्या कॉलेजाला ते काय म्हणतील? बॅनर आजच उतरवायला हवं होतं.

शिडीसाठी ते अग्निशमन केंद्रात पोचले. केंद्रप्रमुखाने उठून त्यांचा हात धरला. "या साहेब! शिडी घेऊन आम्ही निघालोच होतो. आमचंही एक बॅनर लावायचंय, 'इसुलचं अभिनंदन, अग्निशमन दल'. तुम्ही जरा खालून धरता का?"

"अहो, निकाल लागलेला नाही अजून!"

"काय हा विनय!" प्रमुख सहकाऱ्याला म्हणाला. "मोठी माणसं अशीच बोलतात."

प्योन साहेब खरं बोलले की लोकांना तो विनयच वाटे. त्यांनी भाजीवालीला सांगितलं, पोस्टमास्तरांना सांगितलं, ज्येष्ठ मंडळाच्या अध्यक्षांना तर दोनदा सांगितलं. अध्यक्षांनी दोन्ही वेळा त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि मंडळाच्या बॅनरवर इसुलखाली त्यांचंही नाव घालायला लावलं. अग्निशमनची शिडी मग चौकातून हललीच नाही. संध्याकाळपर्यंत पहिल्या बॅनरखाली शेतकरी सोसायटीचं, माजी विद्यार्थ्यांचं, मिरची उत्पादकांचं आणि केशकर्तनालयाचं, अशी एकूण सात बॅनरं लागली.

मोठं संकट होतं गिरणीत. इसुलची आई तांदळाची गिरणी चालवायची आणि गावाच्या लग्नाकार्याचे तोक, तांदळाच्या पिठाचे ते गोड गोळे, तिच्याकडेच उकडले जात. तिने सकाळी बॅनर वाचलं, दुकानाची पाटी उलटी केली आणि तीन पोती तांदूळ दळायला घातले. दुपारपर्यंत लाल चवळीचं सारण भरलेले गरम तोक घरोघर पोचले. सांगोकमध्ये शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करत नाहीत. त्यामुळे कुठून सफरचंदं आली, कुठून अंडी, कुठून सुकी मासळी, आणि त्यातलं जास्तीचं इसुलच्या आईने पुन्हा ताटात घालून पुढच्या घरी पाठवलं.

"इसुलच्या आई, थांबा जरा," प्योन साहेब गिरणीच्या दारात म्हणाले. "निकाल शुक्रवारी आहे."

"शुक्रवारी पुन्हा करीन की!" वाफेतून आवाज आला. "साहेब, तुमचे उपकार मी कसे फेडू? बापाविना वाढलेली पोर आहे हो माझी." तिने त्यांच्या हातात गरम ताट ठेवलं आणि डोळे पुसले. आता या बाईला पुढे काय सांगणार? साहेबांनी तोक खाल्ला.

गुरुवारी पहाटे गाव उठायच्या आत साहेब शिडीवर चढले. शिडी खालून प्राचार्या कू मॅडमनी धरली होती. सातही बॅनरं उतरवून त्यांनी परदेश विभागातल्या सोफ्यामागे कोंबली. मग दहाच्या ठोक्याला तपासनीस नामगुंग साहेब विभागात आले. सरकारी माणसाने कुणाचं काही घ्यायचं नाही, हा कायदा त्यांनी इतका मनावर घेतला होता की पाणीसुद्धा ते घरून आणत. मॅडमनी पुढे केलेला चहा त्यांनी दोन बोटांनी हळूच परत सरकवला आणि चष्मा लावून प्रस्ताव उघडला.

"पान एकशे बारा. 'स्थानिक जनतेचा उत्स्फूर्त पाठिंबा.' याला वीस गुण आहेत. पुरावा काय?"

ते वाक्य प्योन साहेबांनी शेवटच्या दिवशी घाईत लिहिलं होतं. पुरावा बरोबर त्यांच्या पाठीमागे होता, सत्तर हात लांब, सात रंगांत, आणि ते त्याला टेकून बसले होते.

"आहे... म्हणजे, भावना आहे, साहेब."

"भावनेची छायाप्रत जोडलेली नाही," नामगुंग साहेब म्हणाले आणि पेन्सिल उचलली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. इसुलची आई आत आली, तिच्यामागे ज्येष्ठ मंडळाचे अध्यक्ष, अग्निशमनचे प्रमुख, आणि सगळ्यांना मागे ओढत असलेली इसुल.

"साहेब, चोरी! माझ्या पोरीचं बॅनर कुणीतरी रातोरात पळवलं! हे ह्वाआमवाल्यांचंच काम!"

"सातही गेली," अध्यक्ष म्हणाले. "जळतात मेले आपल्यावर."

"चला, आपण बाहेर बोलू..." प्योन साहेब उठले, आणि उठले तिथेच चुकलं. सोफ्यामागून पिवळ्या कापडाचं टोक डोकावलं. इसुलच्या आईने ते ओळखलं, धरलं आणि गिरणीत कमावलेल्या ताकदीने ओढलं. बॅनर उलगडत उलगडत नामगुंग साहेबांच्या बुटांपर्यंत गेलं.

नामगुंग साहेबांनी ते सावकाश वाचलं. "निवड झाली, असं लिहिलंय. मंत्रालयाला अजून माहीत नाही. तुम्हाला कुणी कळवलं?"

"कुणीच नाही, साहेब." आता प्योन साहेबांना लपवायला सोफाही उरला नव्हता. "आम्ही घाई केली. छापून ठेवलं, ते चुकून लागलं. चूक माझी आहे. शिक्षा द्यायची तर मला द्या, पोरीला नको."

इसुलच्या आईच्या हातातून कापड सुटलं.

"म्हणजे... निकाल खरंच लागला नाहीये? ती जाणार नाही?"

"आई, निकाल उद्या आहे. मला माहीत होतं," इसुल हळूच म्हणाली.

"मग बोलली का नाहीस गं? तीन पोती तांदूळ!"

"मी आले तेव्हा तू सारण भरत गाणं म्हणत होतीस. बाबा गेल्यापासून तुला गाताना ऐकलं नव्हतं. मला नाही सांगवलं."

इसुलची आई सोफ्यावर बसली. मग तिने नाक पुसलं आणि ती सरळ नामगुंग साहेबांकडे वळली. "निकाल काय लागायचा तो लागू दे, साहेब. वाटलेले तोक मी काही परत मागायची नाही. दोन वर्षं अख्ख्या गावाने माझ्या पोरीला दात दिले. त्याचे आभार मला कधीतरी मानायचेच होते. बुधवारी मानले, एवढंच."

"दात दिले?" नामगुंग साहेबांची पेन्सिल थांबली.

"साचे, साहेब," अध्यक्ष पुढे सरसावले. "पोरीला कवळ्या करायला शिकायला तोंडं नकोत का? मंडळाच्या चौसष्ट जणांनी जबडे उघडून दिले. अर्धा अर्धा तास तोंडात साच्याचा तो लगदा धरून बसलो. हा माझा वरचा, असा." आणि त्यांनी पुरावा म्हणून तोंड उघडलं.

नामगुंग साहेबांनी आत वाकून पाहिलं. मग इसुलच्या मागोमाग ते प्रयोगशाळेत गेले. भिंतीवरच्या फळ्यांवर चौसष्ट पांढरे जबडे ओळीने मांडलेले होते, प्रत्येकाखाली नाव, वय, आणि इसुलच्या बारीक अक्षरात जर्मनमधल्या नोंदी. त्यांनी एकेका जबड्याचा फोटो घेतला, चौसष्टच्या चौसष्ट. परत येऊन बॅनरची घडी घातली, छापलेली बाजू आत राहील अशी, आणि म्हणाले, "निकाल उद्या दोन वाजता. तोपर्यंत मी हे वाचलेलं नाही."

जाताना इसुलच्या आईने तोकांचं ताट पुढे केलं. त्यांनी दोन पावलं मागे घेतली, कायदा सांगितला, कलम सांगितलं, वाकून नमस्कार केला. ते निरोप घेत असताना बाईने निळ्या काठाचं ते ताट त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवून दिलं. प्योन साहेबांनी ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

शुक्रवारी दोन वाजून एक मिनिटाने यादी लागली. सांगोक कॉलेज सतराव्या क्रमांकावर होतं, चार विद्यार्थी, पहिलं नाव बोंग इसुल. प्योन साहेबांना अक्षरं नीट दिसेनात, म्हणून कू मॅडमनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग त्या ओरडल्या, "बॅनर! दहा मिनिटांत!"

साहेब धावत सुटले. चौकात अध्यक्ष बसले होते. "निवड झाली!" साहेब धापा टाकत म्हणाले.

"तुम्हाला आत्ता कळलं होय? आम्ही बुधवारीच वाचलं."

गुरुवारीच घरी नेलेलं बॅनर गिरणीच्या अंगणात पसरलेलं होतं आणि त्यावर लाल मिरच्या वाळत होत्या. चांगलं कापड वाया घालवायची इसुलच्या आईला सवय नव्हती. साहेबांना काही बोलावं लागलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ती मिरच्यांतच बसली आणि पोरीला कुशीत घेऊन हमसून रडली. साहेबही रडले. मिरच्यांमुळे, असं ते नंतर म्हणाले. ह्वाआमचं बॅनर नवव्या मिनिटाला लागलं. सांगोकचं लागायला पाऊण तास गेला आणि पुढचा आठवडाभर चौकातून जाणारा प्रत्येक माणूस शिंकत होता.

शनिवारी प्योन साहेबांच्या नावाने मंत्रालयाहून खोकं आलं. आत निळ्या काठाचं ताट होतं, त्यात तोक होते आणि वर शिक्का मारलेला कागद: 'नियमबाह्य प्राप्त वस्तू परत करण्यात येत आहेत. ताट, नग एक. तोक, नग एकोणीस.'

साहेब ते घेऊन जड पावलांनी गिरणीत गेले. इसुलच्या आईचा चेहरा पडला. तिच्या हातचा घास उभ्या आयुष्यात कुणी परत केला नव्हता. तिने तोक मोजले, कागद वाचला, पुन्हा मोजले.

"साहेब, मी वीस ठेवले होते."

"कागदावर एकोणीस आहेत, इसुलच्या आई. सही आहे, शिक्का आहे."

"तीस वर्षं ताटं भरतेय मी. वीस म्हणजे वीस." ती क्षणभर कागदाकडे बघत राहिली आणि मग तिच्या तोंडावर हसू फुटलं. "खाल्ला मेल्याने!"

तिने तो कागद गिरणीच्या भिंतीवर खिळ्याला अडकवला आणि ताट धुवायला घेतलं.