हिराजीकाकांची मशीन

दर रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये होडी सुरू होते. होडी तिथे नसते, नुसतं इंजिन असतं. खाडी आमच्या सानपाड्यातल्या बिल्डिंगपासून चांगली रिक्षाने जाण्याइतकी लांब आहे. पण तळमजल्यावरचे हिराजी कोळी त्यांची आठ हॉर्सपॉवरची मशीन लाकडी घोड्यावर कसतात, तिचं खालचं टोक पाण्याने भरलेल्या निळ्या पिंपात सोडतात आणि दोरी ओढतात. मग तीन मजल्यांवरच्या खिडक्यांच्या काचा थरथरायला लागतात.

मशीनच्या पाठीला एक बारीक भोक आहे. पिंपातलं पाणी मशीन आत ओढते, तिच्या अंगातून फिरून ते पाणी त्या भोकातून धारेने बाहेर पडतं. धार पडली की मशीनची तब्येत ठीक. काका मान वाकडी करून, डोळे बारीक करून त्या धारेकडे बघत उभे राहतात. धार कोमट लागते का, ते बोट लावून पाहतात. सगळं मनासारखं असलं की म्हणतात, "धार हाय."

हे दोन शब्द त्यांना कुठेही चालतात. सकाळी जिन्यात भेटले तर, "काय सेक्रेटरी, धार हाय ना?" म्हणजे कसं काय, बरं चाललंय ना. सेक्रेटरी म्हणजे मी. सोसायटीत कोणीच तयार नव्हतं म्हणून झालेला. एकदा त्यांनी हाच प्रश्न दुसऱ्या मजल्यावरच्या नानांना विचारला. नाना त्याच आठवड्यात प्रोस्टेटचं ऑपरेशन करून घरी आले होते. त्यांना वाटलं, काकांनी मुद्दाम डॉक्टरांकडून माहिती काढली. त्यांनी सविस्तर उत्तर दिलं आणि काकांनीही ते शेवटपर्यंत मन लावून ऐकलं.

काकांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू मिठाने बिघडते. लिफ्ट अडकली की मेकॅनिकला त्यांचा पहिला प्रश्न, गोड्या पाण्याने कधी धुतली होती? माझ्या वडिलांचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हाही त्यांनी मिठाचंच कारण सांगितलं, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं आणि डॉक्टरांचं म्हणणं एकच निघालं. स्वतःची सायकल, छत्री, चष्मा ते रोज धुतात. सुनेने तक्रार केली की टीव्हीचा रिमोट चालत नाही, तर तोही धुतला. नंतर रिमोट कायमचा गेला. काकांचं म्हणणं, धुवायला उशीर झाला होता.

मशीन घरी ठेवण्याचं कारण साधं होतं. जेट्टीवरून मशिनी चोरीला जातात. काकांची होडी वाशीगावच्या जेट्टीला बांधलेली असते, मशीन मात्र त्यांच्या पलंगाशेजारी उभी. आडवी ठेवायची नाही, कारण आत राहिलेलं पाणी भलत्या जागी शिरतं. तिला जुन्या नऊवारीच्या तुकड्याचं झाकण आहे. काकी गेल्या त्याला सात वर्षं झाली, ती नऊवारी त्यांचीच.

तिसऱ्या मजल्यावरच्या शिंद्यांनी लेखी तक्रार केली, तेव्हा मला सभा बोलवावी लागली. आवाज, धूर आणि पाण्याची नासाडी असे तीन मुद्दे होते. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. येताना कागदात गुंडाळून जुन्या मशीनचा पंप आणला होता. मिठाने आणि गाळाने भरून दगडासारखा झालेला. तो त्यांनी सभेत सगळ्यांच्या हातात फिरवला. खाडीतून आल्यावर मशीनला गोडं पाणी पाजलं नाही तर आतून असं होतं, आणि खाडीत गेलो नाही तरी आठवड्यातून एकदा ती चालवावीच लागते, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. पिंपातलं पाणी नंतर आपण झाडांना घालतो असंही म्हणाले. त्यावर झाडांना पेट्रोलचा वास येतो, असं शिंदे म्हणाले.

मग शिंद्यांनी विचारलं की खाडीत आता मासळीच राहिली नाही, हे तुम्हीच सांगता, तर मशीन ठेवलीय कशाला? काका पंप कागदात गुंडाळत राहिले. सभेने ठराव केला आणि मशीन बंद करण्याची नोटीस टाइप करण्याचं काम माझ्याकडे आलं.

शनिवारी दुपारी मी नोटीस घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा टाकला. नोटीस दोनदा वाचली आणि माझं टायपिंग चांगलं असल्याचं सांगितलं. तेवढ्यात फोन वाजला. ते "हां, हां, कंच्या खांबाला?" एवढंच बोलले, गॅस बंद केला आणि मशीन खांद्यावर घेतली. पेट्रोलची टाकी मला उचलायला सांगितली. सत्तरीचा माणूस सत्तावीस किलोचं धूड घेऊन पुढे धावत होता आणि मी पाच लिटरची टाकी घेऊन मागे धापा टाकत होतो.

रिक्षात कळलं की खाडीपुलावरून कोणी तरी पाण्यात गेलं होतं. खांबाला धरून होतं, पण ओहोटी लागलेली. गावातल्या बाकीच्या होड्या सकाळीच बाहेर पडल्या होत्या. अशा वेळी पोलीस चौकीतून काकांना फोन येतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. असे किती फोन आले, ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, पहिल्या वेळी मशीन चालू झाली नव्हती. दोरी ओढून ओढून हात सोलले. पाण्यात होती ती कोणाची तरी लेक. सभेत फिरला तो पंप त्याच मशीनचा.

जेट्टीवर त्यांनी मशीन होडीला कसली. एका ओढीत चालू झाली. मी पुढे बसलो, दोन्ही हातांनी काठ धरून. मला पोहता येत नाही हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

खांबाला एक तिशीतला माणूस मिठी मारून होता. खांबावरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी त्याचे हात कापले होते. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लोंबत होतं. काकांनी मशीनचा वेग कमी करत होडी त्याच्या बाजूला अशी नेली, की पार्किंगमध्ये गाडी लावतानाही मला तसं जमलं नसतं. आम्ही दोघांनी त्याला काखेत धरून आत ओढलं. काकांनी अंगातला शर्ट काढून त्याच्या खांद्यावर टाकला. का, कशासाठी, घरी कोण, यातलं काहीही विचारलं नाही. बोंबील ओले आवडतात की सुके, ते विचारलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सुके." काका म्हणाले, "माझी बायकोपन सुक्याचीच."

जेट्टीवर हवालदार वही घेऊन उभे होते. त्यांनी त्याला काही विचारण्याआधीच काका मध्ये उभे राहिले.

"पाय घसरला त्याचा," ते म्हणाले. "मी बगितला."

हवालदारांनी काकांकडे पाहिलं, मग लांबवर दिसणाऱ्या पुलाकडे पाहिलं. वहीत तसंच लिहून घेतलं. त्या माणसाला दवाखान्यात नेलं, तेव्हा काका जीपमध्ये वाकून हवालदारांना सांगत होते की तिथे त्याला एकट्याला बसवू नका, घरचं माणूस येईपर्यंत कोणी तरी शेजारी राहा.

परतताना रिक्षात मशीन आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती. नोटिशीचं मी काही काढलं नाही, त्यांनीही नाही, आणि पुढे सोसायटीत ती कोणी मागितली नाही. बनियनवर बसलेल्या काकांना मी हळूच म्हटलं, की तो पडला तेव्हा आपण सानपाड्यात चहा करत होतो. तुम्ही कसं बघितलंत?

"नाय बगितलं," ते म्हणाले. रिक्षा सिग्नलला थांबली होती. "पन पाय घसरला लिवला ना, तं घरी गेल्यावर त्याची आई इचारंल, लय लागलं का रे. दुसरं लिवलं असतं, तं इचारलं असतं, का रे केलंस. त्याला आज पयलं इचारनं पायजे होतं."