डिलीट केलेलंही येईल

पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, तर पडद्यावर चौकट आली : हा ड्राइव्ह वाचता येत नाही, फॉरमॅट करायचा का? तपासनीसांनी चौकटीकडे पाहिलं आणि मग मागे वळून दाराकडे पाहिलं. ते विमा कंपनीत होते आणि खोटे दावे पकडणं हे त्यांचं काम. एखादी वस्तू आपोआप जळते, बुडते किंवा बिघडते, यावरचा त्यांचा विश्वास नोकरीच्या सुरुवातीलाच उडाला होता. ड्राइव्हवर एका फर्निचरच्या गोदामाला लागलेल्या आगीचा अहवाल होता. आग मालकानेच लावली, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि उद्या सकाळी तो साहेबांच्या टेबलावर हवा होता.

"या ड्राइव्हला कोणी हात लावला होता?" त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

"मी लावते की अधूनमधून. प्रिंट काढायला नेते," बायको म्हणाली. "का?"

"बाहेरचं कोणी?"

"आपल्याकडे बाहेरचं कोण येतंय? तुमच्या चौकशांना कंटाळून माझा भाऊसुद्धा यायचा बंद झालाय."

टेबलाशी बसून मटार सोलणाऱ्या त्यांच्या आईंनी मान वर केली नाही. तपासनीसांनी याचीही मनात नोंद घेतली.

दुरुस्तीच्या दुकानात एक बाई भिंग लावून कुठल्याशा मोबाइलचं पोट उघडून बसल्या होत्या. त्यांनी ड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला. "सॉफ्टवेअर लावून बघते. पण त्यात जे सापडेल ते सगळं येईल हं. डिलीट केलेलंही येईल."

"तुम्ही कॉपी ठेवणार नाही ना?"

"तुमचं ठेवून मी काय करू?"

"सगळे असंच म्हणतात," तपासनीस म्हणाले आणि बाईंचे दोन्ही हात दिसतील अशा बेताने स्टूल ओढून बसले.

अहवाल आला. पूर्ण, धडधाकट. तपासनीस तेवढ्यावर उठले असते तर बरं झालं असतं. पण अहवालापाठोपाठ फोटो यायला लागले. पहिल्यात एका माणसाची पाठ होती. दुसऱ्यातही तीच पाठ. तिसऱ्यात तो माणूस एका बेकरीच्या काउंटरवर ओणवा झाला होता आणि त्याचं मागचं टक्कल उन्हात चमकत होतं. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग तपासनीसांच्या डोक्यामागे वाकून पाहिलं.

"हे तुम्हीच की."

तपासनीसांनी स्टूल पडद्याजवळ ओढलं. पुढच्या फोटोत ते बाजूने दिसत होते, गाल फुगलेले, ओठाला क्रीम.

"तुमच्यावर कोणीतरी पाळत ठेवतंय," बाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली. "तुम्ही नक्की करता काय?"

"ते सांगता येणार नाही."

"मग हा घ्या तुमचा ड्राइव्ह. आणि माझ्याकडे आला होतात, हे कोणाला सांगू नका."

घरी परतताना तपासनीस दर दुकानाच्या काचेत मागे कोण आहे ते बघत होते. कुत्रं फिरवणाऱ्या एका गृहस्थांकडे त्यांनी असं काही रोखून पाहिलं, की ते गृहस्थ कुत्र्यासकट पलीकडच्या फुटपाथवर गेले.

घरात शिरताच त्यांनी कडी लावली, पडदे ओढले आणि बायकोपुढे लॅपटॉप उघडला. "घाबरू नकोस. गोदामवाल्याने माझ्यामागे माणूस लावलाय. आणि तो आपल्या घरात येऊन गेलाय."

बायकोने फोटो शांतपणे पाहिले. घाबरण्याचं काही लक्षण दिसेना.

"डॉक्टरांनी तुमचं गोड कधी बंद केलं?" तिने विचारलं.

"त्याचा इथे काय संबंध?" तपासनीस म्हणाले, आणि म्हणता म्हणता संबंध त्यांच्या लक्षात आला.

"डॉक्टरांना दाखवावेत म्हणून मीच घेतले होते ड्राइव्हवर. मग वाटलं, जाऊ दे, चारचौघांत लाज कशाला काढायची. पुसून टाकले. तुम्ही माणूस लावून परत काढून आणलेत."

तपासनीस खाली बसले. पण इतक्या वर्षांची सवय अशी सुटत नाही. थोड्या वेळाने ते पुन्हा सरळ झाले.

"काढले कोणी? मी बेकरीत जातो तेव्हा तू ऑफिसात असतेस."

"ते मी सांगणार नाही. शब्द दिलाय."

"नको सांगूस." त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला. "कॅमेरा खाली धरलाय. म्हणजे माणूस ठेंगणा, नाहीतर वाकलेला. आणि बेकरीला काच आहे. काचेत प्रतिबिंब पडतं."

त्यांनी फोटो मोठा केला. काच मोठी झाली, काचेतली आकृती मोठी झाली. पांढरे केस, ओळखीची शाल, डोळ्यांसमोर धरलेला मोबाइल.

"आई?" तपासनीस कोपऱ्यात बसलेल्या आईंकडे वळले. "तुझे गुडघे दुखतात ना? तुला तर जिना उतरवत नाही."

"सुनेने सांगितलं, लक्ष ठेवा म्हणून," आई म्हणाल्या. "पोटच्या पोरासाठी उतरले कशीबशी."

बायको मात्र पडद्याजवळ वाकली होती. काचेतल्या आईंच्या एका हातात मोबाइल होता. तिने दुसरा हात मोठा केला. त्या हातात अर्धी खाल्लेली पेस्ट्री होती.

"आई," ती म्हणाली, "तुमची साखर तर यांच्याहून जास्त आहे."

आईंनी शाल सारखी केली आणि मुलाकडे वळल्या.

"काय रे, तो ड्राइव्ह पुन्हा बिघडवता येतो का?"