रेमंड अंकलची चिमणी

रेमंड अंकल गाडीची लेन बदलताना इंडिकेटर देतात, आरशात बघतात आणि मग जोरात ओरडतात, "माझं!"

पहिल्या दिवशी मी सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून बसले होते. शारजाहून दुबईकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी सात वाजता इतकी वाहनं असतात की तिथे कुणाचं काहीच नसतं. पण अंकलना गाडीभर जागा दिसली की ती त्यांची. हळूहळू कळलं, ही बॅडमिंटनच्या डबल्समधली रीत. शटलचं फूल दोघांच्या मधोमध आलं की एकाने ओरडायचं आणि दुसऱ्याने बाजूला व्हायचं, नाहीतर रॅकेटवर रॅकेट आपटते. ओरडून झालं की अंकल क्षणभर माझ्या सीटकडे बघतात. मग मी काहीतरी बोलायला हवं असं वाटून "हो" म्हणते.

अंकल मूळचे वसईचे. आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात आणि दुबईतल्या एका हॉटेलात चादरी-टॉवेलांची लिनन रूम सांभाळतात. लग्नाचं विचारलं तर म्हणतात, "मिक्स्ड डबल्स आपल्याला जमलं नाय, बाय." माझं क्लिनिक त्यांच्या वाटेवर आहे, म्हणून दोन वर्षं मी त्यांच्याच गाडीतून जाते. पेट्रोलचे पैसे ते घेत नाहीत. त्याऐवजी रोज दीड तास एका जपानी मुलीचं करिअर ऐकावं लागतं.

ही मुलगी महिला डबल्स खेळते. तिचं नाव मला आजही माहीत नाही, कारण नाव घेतलं की ती पहिल्याच फेरीत हरते, असा अंकलचा अनुभव आहे. ते तिला 'चिमणी' म्हणतात. अंगाने लहान, जाळ्यापाशी टुणटुण उड्या मारणारी. मागून स्मॅश मारायची ती तिची पार्टनर 'लांबडी'. "पब्लिक स्मॅशला टाळ्या देते. पण पुढे चिमणीने समोरच्यांकडून बॉल उठवून घेतला, म्हणून तर मागे स्मॅश मिळाला ना!" अंकल फुलाला 'बॉल' म्हणतात आणि आपण तो सुधारायचा नसतो. चिमणी जपानमध्ये एका कंपनीच्या टीममध्ये आहे, याचा त्यांना भारी अभिमान. "ड्यूटी करते ती, हबीबी! आपल्यासारखी."

एकदा ती दुबईत खेळायला आली होती. अंकल वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन गेले. सही देताना चिमणी कमरेत वाकली, म्हणून अंकल वाकले. ते वाकले म्हणून ती पुन्हा वाकली. आता थांबायचं कोणी, हे दोघांनाही ठरवता येईना. शेवटी मागच्या रांगेतला कुणीतरी "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, चला, करायला लागला, तेव्हा कुठे सुकेळी हातात पडली.

खेळावर एवढा जीव असलेला माणूस स्वतः मात्र खेळत नसे. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या बॅडमिंटन हॉलवर येत, पांढरे बूट घालत, बाकावर बसून सगळ्यांचा स्कोअर ठेवत. कुणी "या ना अंकल, एक जण कमी आहे" म्हटलं की लगेच त्यांची पाठ दुखे. पाठ फक्त शनिवारीच का दुखते, ते मला हॉलवरच्या जुन्या लोकांनी सांगितलं. अंकल अठरा वर्षं माइक नावाच्या गाववाल्याबरोबर खेळले; दोघं एकाच गाडीतून यायचे-जायचे. माइक निवृत्त झाला, व्हिसा संपला, वसईला गेला. तेव्हापासून अंकल बाकावर.

मग या वर्षी लांबडीचा गुडघा गेला आणि तिने खेळ सोडला. अंकल आठवडाभर 'माझं' न ओरडता लेन बदलत होते. मला तर भीतीच वाटायला लागली. महिन्याभरात बातमी आली, चिमणीने नवी पार्टनर घेतली, एकोणीस वर्षांची पोर.

"खलास!" अंकल स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाले. "आठ वर्षं एकत्र खाल्लं, प्यायलं, आणि एका महिन्यात दुसरी? लांबडीला काय वाटलं असेल?"

नवी जोडी लागोपाठ हरत होती आणि अंकलना त्याचं दुःखही होई आणि बरंही वाटे. एका सकाळी ट्रॅफिकमध्ये त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "बघ आणि सांग. मी नाय बघणार."

मी सांगत होते. नवी मुलगी चुकली. चिमणीने तिला हात दिला. पुन्हा चुकली, पुन्हा हात दिला.

"आणि मागे, कोचच्या खुर्चीवर एक उंच बाई आहे," मी म्हणाले. "गुडघ्याला पट्टा. त्या नव्या मुलीला टॉवेल देतेय. ओरडून ओरडून घसा बसला असेल तिचा."

अंकल तशीच सरळ गाडी चालवत राहिले. आमची एक्झिट मात्र उजवीकडून निघून गेली. क्लिनिकला पोचायला मला पाऊण तास उशीर झाला.

त्या शनिवारी हॉलवर ते मला म्हणाले, "बाय, तुझी रॅकेट आणलीस?" मी चार महिन्यांपूर्वी शिकायला लागलेली, तरी हो म्हणाले. मग त्यांनी माइकला व्हिडिओ कॉल लावला.

"माइक, एक गेम खेळू काय? शीतलबरोबर. तू रागावणार नाय ना?"

पडद्यावर एक टक्कल पुढे आलं. "येड्या, दोन वर्षं तू स्कोअर लिहितोस म्हणून मी इथे रागावलोय! खेळ! मला दिसेल असा फोन ठेव."

फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला. पहिल्याच सर्व्हिसनंतर फूल आमच्या मधोमध आलं. मी ओरडले "माझं", तेही ओरडले "माझं", रॅकेटवर रॅकेट आपटली आणि फूल आमच्या पायांशी पडलं. अंकल नुसते त्या फुलाकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते.

बाटलीपाशी फोनमधून आवाज आला, "रेमंड, हात दे तिला!"

त्यांनी हात दिला. घामाने ओला होता. आम्ही एकवीस-सहा हरलो, म्हणजे एकवीस वेळा हात दिला. पहिल्यांदा सांगावं लागलं, नंतरचे वीस त्यांचे त्यांनीच दिले.

सोमवारी सकाळी पुलाखाली गाड्या तुंबल्या होत्या. अंकलनी इंडिकेटर दिला, "माझं!" ओरडले आणि नेहमीसारखे माझ्या सीटकडे बघायला लागले. ही माइकची सीट होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दोन वर्षं मी चुकीचं उत्तर देत होते.

मी उजवीकडे वाकून नीट बघितलं आणि म्हणाले, "तुमचं, अंकल. घ्या."