यजमान, गाव कुठलं?

सुब्बाराव रोज सकाळी परीक्षेला बसायचा आणि रोज नापास व्हायचा. रामकुंडाच्या पायऱ्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं आणि वाटेत एकाही भटजीनं 'यजमान, गाव कुठलं?' असं विचारता कामा नये, एवढीच ती परीक्षा. आम्हा नाशिककरांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो यात्रेकरूंसाठी राखून ठेवलेला आहे. टांग्यातून उतरणाऱ्याचा पाय जमिनीला लागायच्या आत तो त्याच्या कानावर पडतो.

सुब्बाराव मूळचा तेलंगी. गोदावरी जिथे समुद्राला मिळते तिथला, म्हणजे आमच्याच नदीच्या पार शेवटच्या टोकाचा. एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून तो नाशकात आला आणि माझ्या शेजारच्या खोलीत त्यानं बिऱ्हाड थाटलं. बिऱ्हाड म्हणजे एक वळकटी, एक ट्रंक आणि आईनं दिलेली अंबाडीच्या लोणच्याची बरणी. आळीनं त्याचं नाव 'मद्रासी' ठेवलं आणि विषय संपवला. मद्रास त्याच्या गावापासून कुठल्या कुठे आहे, पण ते ऐकून घ्यायला सवड कुणाला?

मी शाळामास्तर, म्हणून मराठी शिकायला तो माझ्याकडे आला. मी त्याला क्रमिक पुस्तकं दिली. ती त्यानं पाठ केली. "मास्तर, मी आज पुनश्च अनुत्तीर्ण झालो आहे," असं रोज दाराशी येऊन सांगू लागला.

नाशिककर व्हायचं त्यानं अगदी मनावर घेतलं होतं. दर वाक्याला 'आपल्या नाशकात'. "आपल्या नाशकात थंडी उत्तम पडते," हे तो दोन घोंगड्यांच्या आतून सांगायचा. चिवडा आमच्यासारखाच कच्चा कांदा घालून खायचा, मग "आपला चिवडा किंचित फिका आहे" म्हणत त्यावर लोणच्याचा खार ओतायचा. पुण्याला नावं ठेवण्यात तर त्यानं आम्हा सगळ्यांना मागे टाकलं. पुणं त्यानं पाहिलेलं नव्हतं. "पाहावे कशाला? ठाऊक आहे," तो म्हणे.

पण गणूभटजी काही बधेनात. रामकुंडाच्या पायरीवर छत्री रोवून बसणारे हे गृहस्थ आला-गेला माणूस पारखण्यात वाकबगार. पहिल्याच दिवशी त्यांनी गाव विचारलं, सुब्बारावानं भाबडेपणानं 'पेद्दलंका' म्हणून सांगितलं, आणि पंचवटीत लंकेचा माणूस सापडला म्हणताच घाट असा हसला की बिचाऱ्याला पळता भुई थोडी झाली. त्यानंतर गावाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

मग सोंगं सुरू झाली. काळी टोपी आणि उपरणं घालून गेला. "या यजमान, गाव कुठलं?" बुधवारच्या बाजारातली मेथीची जुडी पिशवीतून लोंबती ठेवून गेला. "यजमान, भाजी मागाहून. आधी स्नान." मग माझ्या सांगण्यावरून "काय ही यात्रेकरूंची गर्दी!" असं कुरकुरत गेला. त्या वेळी घाटावर तो, भटजी आणि एक गाय यांच्याखेरीज कुणी नव्हतं.

शेवटी मीच भटजींना गाठलं. "अहो, आमचे शेजारी ते. रोज दिसतात. अजून ओळखत नाही?"

"ओळखतो हो मास्तर," भटजी म्हणाले. "पण तोंडातून निघून जातं. माणूस गंगेकडे बघत आला की यात्रेकरूच वाटतो. गावचा माणूस गंगेकडे बघतो का कधी? तो पायाखाली बघतो. शेवाळं केवढं आहे!"

खरं होतं. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो, पण बघतो कोण तिच्याकडे? हे मी सुब्बारावाला सांगितलं. त्यानं पुष्कळ खटपट केली, पण घाटावर पाऊल पडलं की त्याची मान आपोआप नदीकडे वळायची. त्यावर त्याचा काही इलाज नव्हता.

अखेर त्याची दाढ सुजली. गालाला फडकं बांधून, मान खाली घालून, साऱ्या जगावर चिडून तो घाटावरून वैद्यांकडे निघाला होता. त्याच वेळी समोर टांग्यातून एक कुटुंब उतरलं. गणूभटजींनी सुब्बारावाच्या पाठीला हात लावून त्याला बाजूला सारलं. "अहो, जरा सरका की! यजमान येतायत."

वैद्य राहिले बाजूला. सुब्बाराव पेढ्यांचा पुडा घेऊन आळीत शिरला. "मला ढकलले! मास्तर, मला आपल्या नाशकात ढकलले!" घरोघर पेढे वाटले. सुजल्या तोंडानं त्याला स्वतःला मात्र एकही खाता आला नाही.

त्या दिवसापासून गणूभटजी "काय सुब्बाराव, कचेरीत का?" एवढंच विचारू लागले.

त्याच पावसाळ्यात त्याची आई गेल्याची तार आली. तो पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. परत आल्यावर त्याचं 'आपल्या नाशकात' बंद झालं. लोणच्याची बरणीही रिकामी झाली होती. एकदा चहा घेताना म्हणाला, "मास्तर, आता मला गाव कोणीच विचारीत नाही."

"तुम्हाला तेच तर हवं होतं!"

"होय," तो म्हणाला. "तेच हवे होते." आणि कपातल्या चहाकडे बघत बसला.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाजारातून परत येताना बघतो तो काय, घाटावर सुब्बाराव! टोपी नाही, उपरणं नाही. त्याच्याकडच्या पद्धतीनं नेसलेलं पांढरं धोतर, कपाळाला गंध, काखेत वळकटी, हातात ट्रंक. नदीकडे टक लावून तो पायऱ्या उतरत होता. दाढ या खेपेला डोक्यात गेली की काय, असं मला वाटलं.

गणूभटजींनी त्याला पाहिलं आणि अर्थातच ओळखलं. त्यांच्या मिशा हलल्या. आता हे हसणार आणि सारा घाट हसवणार! पण भटजींनी छत्री जराशी कलती केली आणि सावलीत जागा करून दिली.

"या यजमान. गाव कुठलं?"

"पेद्दलंका," सुब्बाराव म्हणाला.

कुणी हसलं नाही. "बसा," भटजी म्हणाले. "नदी कुठली तुमच्याकडे?"

"हीच. परंतु आमच्याकडे पलीकडचा काठ दिसत नाही."

मग तो सांगत सुटला. नारळाची झाडं, शिडाच्या होड्या, होडीची वाट बघत काठावर उभी राहणारी आई. बोलता बोलता क्रमिक पुस्तकं संपली आणि तो तेलगूत शिरला. भटजींना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तरी ते 'हं', 'मग?' करत होते, आणि अगदी जागच्या जागी करत होते. हातात भाजीची पिशवी घेऊन मी तसाच उभा राहिलो.

तेवढ्यात खरोखरीच्या यात्रेकरूंचं एक भलंमोठं कुटुंब पायऱ्या उतरून भटजींच्या पुढ्यात आलं. गणूभटजींनी त्यांना हातानंच थोपवलं.

"जरा थांबा हो," ते म्हणाले. "यजमान फार लांबून आलेत."