मेश्राम सिस्टरांचा पेशंट

मेश्राम सिस्टर रोज सकाळी सहा वाजता आपल्या मोटारीला स्टेथोस्कोप लावतात. बॉनेट उघडं, कानात नळ्या, डोळे मिटलेले आणि स्टेथोस्कोपची चकती इंजिनाच्या अंगावर कुठेतरी टेकवलेली. दोन मिनिटं त्या तशाच उभ्या असतात. मग डोळे न उघडताच कंपाउंडच्या भिंतीवरून मला हाक येते, "सर, या बरं जरा. ॲक्सिलेटर दाबाले माणूस पाहिजे."

तो माणूस म्हणजे मी. एकतीस वर्षं कॉलेजात वाणिज्य शिकवून निवृत्त झालेला, तोंडात टूथपेस्टचा फेस असलेला, बनियनवरचा देशकर. मला गाडी चालवता येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. पण सिस्टरांनी छत्तीस वर्षं छातीच्या रोगांचा वॉर्ड सांभाळलेला आहे. त्यांच्या आवाजाला नाही म्हणायची सोय नसते. त्या आवाजापुढे मोठमोठे डॉक्टर आपले बूट बाहेर काढून आत गेले आहेत. मी जातो, सीटवर बसतो, पाय दाबतो. गाडी घुऑऽऽ असा आवाज काढते, समोरच्या घरातली दोन कुत्री भुंकायला लागतात आणि सिस्टर केसपेपरवर लिहितात, 'श्वास अर्धाच घेते.' हो, गाडीचा केसपेपर आहे.

माझा या सगळ्याला आक्षेप आहे आणि तो मी लेआउटच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, समितीकडे लेखी दिलेला आहे. मानेवाड्याच्या पलीकडे, जिथे तेव्हा नुसती बाभळीची झाडं होती, तिथे मी घर बांधलं ते शांततेसाठी. समितीचे अध्यक्ष अर्ज वाचून म्हणाले, "सर, त्यांना कोण सांगणार? माझ्या वडिलांना त्यांनीच वाचवलं." या लेआउटमध्ये जवळजवळ प्रत्येकाच्या वडिलांना त्यांनीच वाचवलं आहे. अशा वस्तीत न्याय मिळत नाही.

आता ही गाडी कसली म्हणाल, तर स्पोर्ट्स कार. लाल, बुटकी, दोनच सीटांची, बिनछताची. कुठल्याशा कंपनीने कधीकाळी थोड्या गाड्या काढल्या आणि मग विचार बदलला, त्यांतली एक. दिसायला वाघ, ताकद बेताची. निवृत्तीनंतर बायका तीर्थयात्रेला जातात, नातवंडं सांभाळतात, निदान गुडघे दाखवायला तरी जातात. सिस्टरांनी ही गाडी घेतली. नागपूरच्या उन्हात बिनछताची गाडी घेणाऱ्या माणसाविषयी काय बोलावं. मे महिन्यात तिच्या सीटवर पापड भाजता येतो.

कारण मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मैनाबाई म्हणून त्यांच्या वॉर्डात आया होत्या. दोघींनी तीस वर्षं एकत्र काढली, पण एकत्र रजा कधीच मिळाली नाही. एक गेली की दुसरीने थांबायचं. मेळघाटातला एक म्हातारा पेशंट त्यांना सांगायचा की चिखलदऱ्याला ढग पायाखाली येतात आणि तिथली हवा प्यावीशी वाटते. तेव्हा दोघींचं ठरलं की निवृत्त झाल्यावर चिखलदऱ्याला जायचं, तेही उघड्या गाडीतून, ती हवा खात. मैनाबाई आता सावनेरला मुलाकडे असतात. "तिले शब्द देला आहे, सर," सिस्टर म्हणाल्या. "घाट चढाले गाडी पक्की झाली की निघालो."

तर ती गाडी पक्की होण्याची ही हकीकत आहे, आणि ती सांगताना माझा रक्तदाब वाढतो.

सिस्टरांचं निदान असं की गाडीच्या इंजिनाला पुरेशी हवाच मिळत नाही. कंपनीने हवा गाळायला जो काळा प्लॅस्टिकचा डबा दिलेला असतो, तो त्यांनी उघडून मला दाखवला. आत एक कागदी फिल्टर आणि अंगठ्याएवढ्या रुंदीची वाट. "हे पाहा. नाकाले फडकं बांधून पोराले पळाले लावल्यासारखं आहे. काहून असं केलं असन?" त्यांना खरोखरच राग आला होता. एखाद्या निष्काळजी डॉक्टरची चिठ्ठी पाहावी तसा तो डबा त्या उलटसुलट करून पाहत होत्या.

महाल भागातल्या गॅरेजमधून बबलू मिस्त्रीला बोलावलं गेलं. बबलू पन्नाशीचा, अनुभवी माणूस. तो म्हणाला, "मॅडम, कंपनीने डब्बा दिला तर विचार करूनच दिला असन ना." सिस्टर म्हणाल्या, "बबलू, तू पेशंट पाहिला की डब्बा?" बबलूने निमूटपणे डबा काढला आणि त्या जागी जाळीचा, शंकूसारखा मोठा फिल्टर बसवला. त्या दिवसापासून घुऑऽऽ सुरू झालं. पूर्वी ही गाडी मांजरासारखी गुरगुरायची. आता ती दुपारी दोन वाजता, जेव्हा सभ्य माणसं कूलरसमोर आडवी झालेली असतात, तेव्हा श्वास घेऊन दाखवू लागली.

एवढं करून गाडी पहिल्यापेक्षा मंद झाली. झाकण नसलेला फिल्टर इंजिनाशेजारची तापलेली हवाच ओढत होता. वर नागपूरचा एप्रिल. गरम हवा पातळ असते, तिने इंजिनाचं पोट भरत नाही, हे मला वाणिज्याच्या माणसाला बबलूने समजावून सांगितलं. मग ॲल्युमिनियमचा एक पाइप आला. तो इंजिनातून वळणं घेत पुढच्या बंपरपर्यंत नेला, म्हणजे बाहेरची हवा मिळावी. मे महिन्यात बाहेरची हवा शेहेचाळीस अंशांची होती. सिस्टर संतापल्या. "ही गाडी बनवणाऱ्यानं नागपूरचा मे पाहिलाच नसन," त्या म्हणाल्या आणि आपल्या अंगणातल्या कूलरकडे टक लावून पाहू लागल्या.

मी तेव्हाच ओळखलं होतं. नाही, मी तेव्हाच आत जाऊन बायकोला म्हणालो होतो की आता ही बाई गाडीला कूलर लावणार.

लावला. खसची, म्हणजे वाळ्याची, ताटी कापून त्यांनी पाइपच्या तोंडाशी बसवली, कूलरचा छोटा पंप जोडला, पाच लिटरची कॅन सीटच्या पायाशी ठेवली. मी भिंतीवरून विचारलं, "सिस्टर, हे काय?" त्या म्हणाल्या, "तुम्ही कूलरशिवाय झोपता का?" मी म्हणालो नाही. "मग तिनंच काहून गरम हवा खायची?" मी आत जाऊन आमच्या कूलरसमोर बसलो. पहिल्या दिवशी गाडी खरंच बरी पळाली. रस्ताभर खसचा वास पसरला आणि लोकांना वाटलं, अत्तरवाला आला.

दुसऱ्या दिवशी मेडिकल चौकात मी स्कूटरवर बरोब्बर त्यांच्या मागे होतो. सिग्नल सुटला. गाडीने एक घोट घेतला, मग जोरात खोकली, आणि भर चौकात गप्प झाली. खसच्या काड्या आणि निम्मी कॅन पाणी तिच्या आत गेलं होतं. मागे शहर बस, तिच्यामागे सारा नागपूर. सिस्टर खाली उतरल्या, कानात नळ्या घातल्या आणि बॉनेटवर वाकल्या. पोलीस आला, त्याला म्हणाल्या, "दादा, पाणी गेलं छातीत. त्या बसवाल्याले सांगा, हॉर्न नको वाजवू, पेशंट घाबरते." आणि पोलिसाने खरोखर बसवाल्याला सांगितलं. मी दंड भरल्याशिवाय या चौकातून कधी सुटलेलो नाही. मला ढकलायला मात्र लावलं.

यावेळी बबलू मिस्त्री चिडला. सगळं उतरवून, आतून साफ करून, त्याने नीट काम केलं. फिल्टर बंपरच्या मागे नेला, त्याच्याभोवती पत्र्याची भिंत केली म्हणजे इंजिनाची धग लागू नये. त्या पत्र्यासाठी सिस्टरांनी घरातली स्टीलची परात कापून दिली. आणि जूनच्या सुरुवातीला गाडी रामटेकच्या गडावर चढवून पाहायचं ठरलं.

दुसऱ्या सीटवर वजन पाहिजे म्हणून मला बसवलं. डोक्याला बायकोची ओढणी, नाकावर रुमाल, हातात पाण्याची बाटली. पन्नास किलोमीटर लूच्या झळा खात गेलो. गडाचा चढ सुरू झाला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. पण गाडी थांबली नाही. एका दमात, गिअर न बदलता, ती वळणांमागून वळणं चढत गेली आणि तिचा तो घुऑऽऽ दगडांवर आपटून परत येत होता. मला तो आवाज त्या क्षणी आवडला. हे मी समितीसमोर कबूल करणार नाही. वर गेल्यावर तलाव दिसला, वारा लागला, आणि मी मूर्खासारखा हसत होतो.

"झालं," मी म्हणालो. "आता मैनाबाईंना कळवा."

सिस्टरांनी नळ्या कानात घातल्या. बराच वेळ ऐकलं. "नाही, सर. अजून कमी आहे."

माझ्या रागाची खरी सुरुवात इथे झाली. जून गेला, पावसाळा गेला. कधी पाइपचा सांधा बदलायचा, कधी आतली नळी घासून गुळगुळीत करायची, कधी दुसरा फिल्टर. बबलू हात जोडून म्हणाला, "मॅडम, आता ही हिमालय चढन, मी लिहून देतो." दसरा गेला, दिवाळी गेली. रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसून सिस्टर सावनेरला फोन लावायच्या, स्पीकरवर, कारण त्यांना फोन कानाला धरायची सवय नाही. "मैने, अजून चार-आठ दिवस. गाडीचा श्वास पुरून नाही राहिला. अर्ध्या घाटात बंद पडली तर तुले घेऊन कुठं बसू मी?" पलीकडून बारीकसं "बरं" यायचं. रोज. मला ते ऐकवेना. एका म्हाताऱ्या बाईला सहा महिने आशेवर ठेवायचं, धडधडीत ठीक असलेल्या गाडीच्या नावाने. स्वतःच्या हौसेला शेवट नको म्हणून. माझी दुपारची झोप गेली ती गेली, पण हा अन्याय मी पाहू शकत नव्हतो. मी बायकोला म्हणालो, "ती बाई कधी भेटली ना, तर मी खरं सांगणार आहे." बायको म्हणाली, "तुम्ही त्यात पडू नका." मी म्हणालो, पडणार.

जानेवारीत मैनाबाई नागपूरला तपासणीसाठी आल्या. मुलाने त्यांना ऑटोने आणून सिस्टरांच्या अंगणात खुर्चीवर बसवलं आणि तो औषधं आणायला गेला. मी खिडकीतून ऑटो परतताना पाहिला, शर्ट घातला, वाक्यं मनात जुळवली आणि पंधरा मिनिटांत फाटकातून आत गेलो.

"मैनाबाई, नमस्कार. मी देशकर, शेजारी. तुम्हाला एक गोष्ट माहीत असायला हवी. ही गाडी जूनपासून ठणठणीत आहे. मी स्वतः बसून रामटेकचा गड चढून आलो. एकदाही अडली नाही. मिस्त्रीही तेच सांगतो. गाडीत काहीएक कमी नाही."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटला होता तो राग त्या नजरेत नव्हता. त्या घाबरल्या होत्या.

तेव्हा कुठे मी मैनाबाईंकडे नीट पाहिलं. ऑटोपासून खुर्चीपर्यंत त्या दहा पावलं चालल्या होत्या, तेही पाव तासापूर्वी. त्यांचे खांदे अजून वर-खाली होत होते. गळ्याखालचे खळगे प्रत्येक श्वासाला आत ओढले जात होते. दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकवून त्या हवा शोधत होत्या. सिस्टरांचा हात त्यांच्या पाठीवर होता.

छातीच्या वॉर्डात छत्तीस वर्षं काढलेल्या बाईला चिखलदऱ्याच्या घाटात कोणाचा श्वास पुरणार नाही, हे कळायला काय वेळ लागतो. मैनाबाईंना कोणी 'तुझ्याच्याने होणार नाही' म्हणू नये, म्हणून सिस्टर सहा महिने गाडीत खोट काढत होत्या. आणि मी, वाणिज्याचा प्राध्यापक, शर्ट घालून खरं सांगायला आलो होतो. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही.

"सर," मैनाबाई म्हणाल्या. थांबल्या. "तुमाले गाडीतलं... काय समजते?" पुन्हा थांबल्या. "तुमी यायच्या आधी... सिस्टरनं चालू करून दाखवली ना मले. म्या आयकली. नाही जमत... अजून तिले." मग त्यांनी पाठीवरचा सिस्टरांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि थोपटला. "काहून घाई करता? चिखलदरा... पळून थोडीच चालला."

त्या पाव तासात घुऑऽऽ काही मला ऐकू आलं नव्हतं. दोघींपैकी कोण कोणाला सांभाळत होतं, मला सांगता येणार नाही.

मी खोटं बोलत नाही. परीक्षेत एका मार्कासाठी मी मंत्र्याच्या भाच्याला नापास केलेलं आहे. पण मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आता आठवलं. गडाच्या शेवटच्या वळणावर अडखळली होती खरी. चांगलीच अडखळली. मीच विसरलो."

"पाहा," सिस्टर म्हणाल्या. "मी काय म्हणून राहिली होती." त्यांचा तो डॉक्टरांना बूट काढायला लावणारा आवाज मध्येच चिरला. "चहा ठेवते," म्हणत त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आतून नळ सोडल्याचा आवाज येत होता.

मैनाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी दोन-तीन श्वास जमवले.

"खोटं बोलता नाही येत तुमाले, सर," त्या हळूच म्हणाल्या. "शिकून घ्या. मी गेल्यावर बी... तिच्याशी असंच बोला लागन कोणाले तरी."

मी शिकतो म्हणालो.